बिरडं कोणी सोललं?

माणसाला अर्धांगाचा झटका आला की त्याची एक बाजू जाते, असं डॉक्टर सांगतात. उरलेली बाजू नातेवाईक काढून घेतात, हे कोणी सांगत नाही. ते माझं मलाच समजलं, आणि समजलं तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून पुरतं निवलेलं नाही.

झटका आला दिवाळी सरल्यावर, एका सकाळी, दात घासताना. ब्रश हातातून गळाला, तो उचलायला वाकले आणि मीही तिथेच राहिले. कशेळ्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. नवरा गेल्यापासून त्या घरात मी एकटी राहत होते, आणि सांगायला हरकत नाही, मजेत राहत होते. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेली, परसात चार मिरच्या आणि दोन वांगी, कोणाचं देणं नाही की घेणं नाही. शेजारणीने मला पडलेली पाहिलं, जीपवाल्याला उठवलं, आणि तासाभरात मी कर्जतच्या दवाखान्यात होते. लवकर पोचले म्हणून जीव वाचला आणि वाचाही शाबूत राहिली. वाचा राहिल्याचा आनंद घरात नक्की किती जणांना झाला, ते मी विचारलं नाही.

दवाखान्यातून मला मुलाच्या फ्लॅटवर आणलं. कर्जत स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तिसरा मजला. मुलगा खोपोलीकडच्या एका कंपनीत जातो, सून आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून घरूनच नोकरी करते. दोघंही गुणी आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

फिजिओथेरपीवाल्या मुलाने दोन महिन्यांत मला काठीवर चालतं केलं. उजवा हात मात्र जिथल्या तिथे. बोटं वळलेली, अंगठा मुठीत दडलेला. डाव्या हाताने जेवायची मला लाज वाटे, म्हणून सून भरवायची. दोन महिने मी भरवून घेतलं. मग एके दिवशी घास पुढे आला तेव्हा तोंड मिटून घेतलं आणि म्हटलं, मला माझ्या घरी जायचंय.

मुलगा टीव्ही बंद करून समोर बसला. "आई, अंघोळ, कपडे, चहा, जेवण, दाराची कडी, हे सगळं तुला तिथे एकटीला जमतंय असं एखाद्या जाणत्या माणसाने पाहून सांगितलं, की मी स्वतः गाडीने सोडतो. नाहीतर नाही. मग घर बंदच ठेवायचं."

बंद घराचं आमच्या भागात काय होतं ते मला माहीत आहे. एका पावसाळ्यात भिंती ओल धरतात, दुसऱ्यात वाळवी लागते, आणि तिसऱ्यात फार्महाऊससाठी जागा शोधत फिरणारे लोक कुंपणाशी गाडी थांबवून चौकशी करायला लागतात. माझं सगळं माझ्या उजव्या हातावर आलं होतं.

जाणतं माणूस म्हणून घरी आली ती जेमतेम अठ्ठावीस वर्षांची मुलगी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "या वयात मला कुठला व्यवसाय लावून देणार?" ती म्हणाली, "आजी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस जे जे करतो ते सगळं त्याचं काम. दात घासणं, साडी नेसणं, चहा टाकणं. ते काम परत करता आलं पाहिजे, आणि ते करता करताच हात सुधारतो. मनही सुधारतं." हे मला पटलं. फक्त ते ‘आजी’ म्हणणं पटलं नाही. शाळेत मला सगळे बाई म्हणत, तिलाही तेच म्हणायला लावलं.

ती दर मंगळवारी यायची. पहिल्या मंगळवारी तिने पिशवीतून रंगीत प्लास्टिकच्या खुंट्या आणि भोकांची एक पाटी काढली. लाल खुंटी लाल भोकात, निळी निळ्यात. असल्या पाट्या पोरांपुढे ठेवण्यात माझं आयुष्य गेलेलं, आणि आता ती पाटी माझ्यापुढे.

"सगळ्या लावून झाल्या की यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"काढायच्या आणि परत लावायच्या."

"मग मी नाही करणार. ज्याचं शेवटी काहीच होत नाही असलं काम मी पोरांनाही कधी दिलेलं नाही."

तिच्या जागी मी असते तर छडी शोधली असती. ती हसली आणि म्हणाली, "बरं, तुम्हीच सांगा. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीचं असं कुठलं काम तुम्ही रोज करायचात?"

मला विचार करावा लागला नाही. "बिरडं सोलायचे."

आमच्याकडे भात निघालं की शेतात वाल पडतो, आणि वर्षभर घरात वाल असतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी उपसून फडक्यात बांधायचा, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. एकेक दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटात राहते आणि आतली डाळिंबी वाटीत उडते. घरच्या चौघांपुरतं बिरडं सोलायला पाऊण तास सहज जातो. थेरपिस्ट मुलगी घाटावरची. तिने बिरडं खाल्लं होतं, सोललं नव्हतं. मी डाव्या हाताने सोलून दाखवलं. तिने दाणा उलटासुलटा करून पाहिला आणि खुंट्या पिशवीत टाकल्या. "रोज एक वाटी. सोलायचं उजव्या हाताने. डाव्याने फक्त दाणा द्यायचा."

पहिल्या दिवशी तासाभरात अकरा दाणे निघाले. त्यांतले चार चिरडले. मानेवरून घाम ओघळला. पण त्या अकरा डाळिंब्या रात्रीच्या आमटीत पडल्या आणि मुलाने त्या भातासोबत खाल्ल्या. लाल खुंटी कोणी खाल्ली नसती. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

इथवर सगळं ठीक होतं. मग माणसं यायला लागली.

आता बिरड्याची रीत अशी आहे. तुम्ही कोणाकडे गेलात आणि ती बाई वाल सोलत बसलेली असली, तर तुम्ही शेजारी टेकता, गप्पा सुरू करता आणि तुमचा हात आपोआप वाटीत जातो. कोणी सोल म्हणत नाही, कोणी आभार मानत नाही. वाटी समोर असताना हातावर हात ठेवून बसणारी बाई आमच्याकडे शिष्ट ठरते. मी स्वतः जन्मभर हेच केलं. लोकांची किती बिरडी सोलली असतील त्याला गणती नाही. पण तेव्हा माझ्या चांगुलपणाने कोणाचं नुकसान होत असेल, असं मनात आलं नव्हतं.

पहिली आली वरच्या मजल्यावरची शेजारीण. कशा आहात विचारत बसली, आणि गावातल्या पाण्यापासून तिच्या भाच्याच्या लग्नापर्यंत पोचेतो वाटी रिकामी. माझे दाणे सात. मी म्हटलं, "अहो नका सोलू, हा माझा व्यायाम आहे." ती म्हणाली, "हो का? छान हो," आणि सोलतच राहिली. माझा हात मेंदूचं ऐकत नाही म्हणून एवढे उपचार चाललेले. तिचाही ऐकत नव्हता, पण तिला कोणी काही म्हणत नव्हतं.

आणि मग वन्सं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण चण सडसडीत आणि दात सगळे जागेवर. सासर खालापूरच्या अलीकडच्या गावात. जमीन हमरस्त्याच्या कडेला होती, ती विकून मुलांनी बंगला बांधलाय, जिन्याला संगमरवर लावलाय. तो बंगला सोडून वन्सं दर बुधवारी आणि शनिवारी खालापूरहून खोपोली, खोपोलीहून कर्जत असा प्रवास करून, तिसरा मजला चढून, माझ्याकडे यायच्या. दारातच पदर खोचायच्या. "सर गं, मी करते." हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि दिवसभर तेच.

ब्लाउजचं खालचं हूक मी वीस मिनिटं झटून उजव्या हाताने काजात नेत आणलेलं असायचं. आता अडकणार, एवढ्यात वन्सं येऊन फटाफट चारही हुकं लावून मोकळ्या व्हायच्या. केस विंचरायला घ्यावेत तर फणी त्यांच्या हातात. कप उचलावा तर कप माझ्या ओठांशी. मी ओरडले तर म्हणायच्या, "आजारात मानूस चिडतंच. चीड तू. मी काय मनावर घेत नाय." माझा राग त्यांनी दुखण्याच्या लक्षणांत जमा करून टाकला होता.

शाळेत मी पहिलीतल्या पोराचं बटण कधी लावून दिलं नाही. डोंगरातल्या वाडीवरून थंडीत उतरून येणारी पोरं, बोटं गारठलेली, डोळ्यांत पाणी. तरी नाही. "लाव तू, मी थांबते," म्हणायचे आणि खरंच थांबायचे. मधली सुट्टी संपली तरी थांबायचे. मला आता असं थांबणारं माणूस हवं होतं, आणि नशिबात आली ही धावणारी.

वन्संचं दुसरं वाक्य सुनेसाठी राखून ठेवलेलं होतं. "आजारी मानसाच्या म्होरं वालाची वाटी? लोकं काय म्हनतील गं?" सून बिचारी वरमायची. सासूला दुखण्यात कामाला लावते, अशी आपली ख्याती होईल या धास्तीने तिने एक युक्ती काढली. दारावरची बेल वाजली की ती कानातली ती फोनची बोंडं काढून धावत यायची आणि माझी वाटी कॉटखाली सरकवायची. मग पाहुणे जाईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून शहाण्या रोग्यासारखी बसायचे. पाहुणे गेले की सून परत मीटिंगमध्ये, वाटी कॉटखाली, आणि मला वाकता येत नाही. दाणे फुगून आंबूस वास सुटेपर्यंत वाटी तिथेच. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात. आमच्याकडे इलाज बरा होता, पाहुणे भयंकर होते. मी सुनेला रागावले, मुलाला रागावले, दोघांनी मान हलवली, आणि पुढच्या बेलला वाटी परत कॉटखाली.

एका शनिवारी तर कहर झाला. मी दुपारची जरा डोळा मिटून पडले होते. तेवढ्या वेळात वन्संनी आठवड्याचा सगळा मोड आलेला वाल सोलून, डब्यांत भरून, फ्रिजमध्ये रचून ठेवला आणि त्या चारची गाडी धरून निघूनही गेल्या. मंगळवारी सुनेला यातलं काही माहीत नाही. तिने थेरपिस्ट मुलीपुढे कौतुकाने डबे मांडले. "बघा ना मॅडम, आईंनी किती सोललं!"

आणि मी गप्प बसले. खरं तेच सांगते. चांगला शेरा मिळाला तर घरी जायला मिळेल, असं मनात आलंच. जन्मभर पोरांच्या नकला पकडलेली बाई मी, आणि दुसऱ्याचा पेपर माझ्या नावावर जाताना तोंड मिटून बसले.

थेरपिस्ट मुलीने डबे पाहिले, वहीत काही लिहिलं आणि डब्याच्या तळाशी सालीसकट राहिलेला एक दाणा काढून माझ्यापुढे ठेवला. "एक सोलून दाखवा." तीन दिवस हाताला काही काम नव्हतं. अंगठा पुढे येईना. दाणा दोनदा निसटून जमिनीवर गेला. सून तो उचलायला वाकली तशी मुलीने तिला हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "बाई, बिरडं कोणी सोललं?"

गणित कोणी सोडवलं, असं मी वर्गात हजारदा विचारलं असेल. पोरं जशी खाली बघतात तशी मी खाली बघितलं. ती रागावली नाही. "तुम्ही म्हणाल तसा शेरा मी लिहून देईन. पण तिथे गेल्यावर दाराची कडी कोण लावणार?" एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून पाटी आणि खडू मागवला. डाव्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं, माझ्या कामाला हात लावू नये, आणि पाटी हॉलमध्ये खिळ्याला टांगली. शेजारणीने ती वाचली, "डाव्या हाताचं सुद्धा काय वळणदार अक्षर हो तुमचं!" म्हणाली आणि खाली बसून सोलायला लागली. वन्संनी अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि मान डोलावली. "बराबर हाय. भायेरच्या लोकांना सांगायलाच पायजे."

मी कपाळाला हात लावला. डावाच.

शेवटी मी वाटी घेऊन बाथरूममध्ये बसायला लागले. प्लास्टिकचं स्टूल, समोर उपडी बादली, बादलीवर वाटी, आणि आतून कडी. कडी उजव्या हाताने लावायची, म्हणजे तोही व्यायाम. बाहेर बुधवारी-शनिवारी वन्संचा जीव खालीवर व्हायचा. "अगं, बरी हाइस ना? पाठ चोळून देऊ का?" मी पाण्याचा नळ सोडायचे आणि सोलत राहायचे. आता हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या मोरीत माझा हात परत आला. अकराचे तीस झाले, तिसांची अर्धी वाटी झाली, मग पूर्ण वाटी. मग हुकं मी आत जाऊन लावायला लागले. साडीच्या निऱ्या वेड्यावाकड्या का होईना, पण माझ्या मला पडायला लागल्या. गॅसचा लायटर दाबता आला त्या दिवशी मी एकटीच्या जिवावर तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा प्यायले.

थेरपिस्ट मुलगी खूश होती, पण कच्च्या गुरूची चेली नव्हती. "फ्लॅटमध्ये जमतं म्हणजे घरी जमेलच असं नाही. तिथला उंबरा, मोरी, नळ, गॅस पाहिल्याशिवाय मी तुमच्या मुलाला काही सांगणार नाही. पुढच्या मंगळवारी तुमच्या घरी जाऊ. मी कोपऱ्यात बसेन. घरात तुम्ही एकट्याच आहात असं समजून सकाळची सगळी कामं करायची."

ही बातमी वन्संच्या कानावर जाता कामा नये, अशी मी घरात तंबी दिली. मुलाने रविवारी फोन करून त्यांना सांगितलं. आत्याला आनंद होईल म्हणून. दोघंही गुणी आहेत, हे मी आधीच सांगितलंय.

मंगळवारी सकाळी सातला आम्ही निघालो. मुलगा गाडी चालवत होता, मी पुढे, थेरपिस्ट मुलगी मागे वही घेऊन. कशेळ्याला दुकानांची दारं उघडत होती, जीपवाले आवाज देत होते. गावाकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना खळ्यांवर उपटलेल्या वालाचे ढीग पडलेले दिसले. मनात सगळं घोकत होते. आधी कुलूप, मग कडी, मग पाणी तापत ठेवायचं.

कुलूप नव्हतंच. दार सताड उघडं. अंगण सारवलेलं, अजून ओलसर. दारात पदर खोचून वन्सं उभ्या. गावच्या शेजारणीकडे ठेवलेली चावी घेऊन त्या आदल्या दुपारीच आल्या होत्या.

आत पाहिलं. पिंप भरलेलं. चुलीवर पाणी तापलेलं. मोरीत माझ्यासाठी पाट मांडलेला, खुंटीवर साडी. टोपात चहा, ताटलीखाली तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, आणि पातेल्यात बिरडं रटरटत होतं. "सगळं करून ठेवलंय," वन्सं म्हणाल्या, "आता तू नुस्ती बस."

मुलगा चपला काढण्यात गुंतला. थेरपिस्ट मुलगी वही हातात धरून उंबऱ्यापाशी उभी राहिली. पाहायचं म्हणून काही शिल्लकच नव्हतं. दोन महिने बाथरूममध्ये कडी लावून जे कमावलं होतं ते दाखवायला मला एक रिकामा टोप सुद्धा या बाईने ठेवला नव्हता.

"वन्सं," मी म्हटलं, "निघा माझ्या घरातून."

हे मी ज्या घरात उभी राहून बोलले ते वन्संच्या बापाचं घर. त्या इथे जन्मल्या, इथूनच लग्नाच्या मांडवात गेल्या. आईबाप नाहीत, भाऊ नाही. आता माहेर म्हणजे मी. आमच्याकडे भांडणात बायका काय वाट्टेल ते बोलतात, पण माहेरवाशिणीला निघ म्हणत नाहीत. माझ्या सासूने मला फार काही शिकवलं नसेल, एवढं मात्र शिकवलं होतं. झटक्यात वाचा गेली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी खोचलेला पदर सोडला, त्याला हात पुसले आणि उंबऱ्यावर बसल्या. "निघते," म्हणाल्या. "अकराला गाडी हाय कशेळ्यावरनं." मग कोणाकडे न बघता म्हणाल्या, "काल आले ती झाडलं, सारवलं, पानी भरलं. आनि मला भूक लागली गं. सडकून भूक. शेवटी कवा लागली हुती ते आठवत नाय."

मुलगी त्यांच्याजवळ खाली बसली. "मावशी, तुमच्या घरी सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"उठते. चा हातात आनून देत्यात. मंग बसते. धुनीभांड्याला बाई हाय, सैपाकाला बाई हाय. सुना गुनाच्या हायत माज्या. वाटी विसळाया उठले तर धावत येत्यात, आई तुमी बसा. परसात जाऊ देत नायत, पडाल म्हनत्यात. लय जीव हाय त्यांचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ही बरी व्हावी म्हनून जाते, असं घरात सांगायची. तेवढ्यासाठी सोडायची मला. हिच्याकडं आले का मला काम मिळायचं."

मला कोणाचा राग आला विचाराल तर माझाच. माझा एक हात गेला म्हणून दवाखाना, फिजिओ, ही मुलगी, सगळे धावून आले. वन्संचे दोन्ही हात धडधाकट असताना मायेने काढून घेतले होते, आणि त्यासाठी कोणी येत नव्हतं. दोन महिने आठवड्यातून दोनदा त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहत होत्या, आणि मी नळ सोडून बसत होते. पोरगं का रडतंय ते आधी विचारा, असं नव्या शिक्षकांना सांगणारी मी!

थोरल्या नणंदेची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात कोणी कोणाची मागितलेली नाही. मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आज राहू दे. पुढच्या मंगळवारी परत येऊ, तेव्हा बघू तुम्हाला एकटीला जमतं का."

"मला एकटीला जमणार नाही," मी म्हटलं.

मुलाने मान वर केली. मुलीनेही. तिला तर पक्कं माहीत होतं मला काय काय जमतं ते, तिच्याच वहीत लिहिलेलं होतं.

"सोबत लागेल," मी पुढे म्हटलं. "वन्सं राहिल्या तर मी इथे राहते. नाही राहिल्या तर घराला कुलूप लाव आणि मला परत कर्जतला ने." हे खोटं होतं का? अर्धं होतं. कुठलं अर्धं, ते मी अजून शोधलेलं नाही.

वन्सं उंबऱ्यावरून उठल्या. मला वाटलं गळ्यात पडतील. "मी तेच तर बोंबलून सांगत हुते!" त्या म्हणाल्या. "म्हनं मी करते, मी करते. कुटं जमतंय तुला?" आणि पदर खोचला.

माझं डोकं परत तापलं. माणसाने माणसासाठी एवढं करावं आणि त्याने लगेच असं बोलावं! "भाकऱ्या गार झाल्यात," मी म्हटलं, "मी दोन गरम थापते," आणि ओट्यावरची उरलेल्या उकडीची परात ओढून घेतली.

"आन इकडं ती." वन्संनी परातीची दुसरी कड धरली आणि ओढली.

"सोडा, वन्सं."

"तू सोड."

रागाच्या भरात कुठला हात पुढे गेला ते माझंही लक्ष नव्हतं. उजवा होता. चारही बोटं परातीच्या कडेखाली आणि अंगठा वरून घट्ट दाबलेला. मुलगा आम्हाला सोडवायला पुढे आला, तर थेरपिस्ट मुलीने मागून त्याचा शर्ट धरला.

"मावशी," ती म्हणाली, "अजून जोरात ओढा."

वन्संनी पाय रोवून ओढलं. मी सोडलं नाही.